लोंढा, लाट आणि फड : समूहवर्णनातील जलभाषेची चिकित्सा

मराठीत माणसांच्या मोठ्या समूहाविषयी बोलावयाचे झाले म्हणजे जीभ आपोआप पाण्याकडे वळते. सभेला जनसागर लोटतो, यात्रेस भाविकांचा पूर येतो, निवडणुकीत लाट उसळते, स्थानकावर प्रवाशांचे लोंढे आदळतात, आणि सारे आटोपले म्हणजे गर्दी ओसरते. ह्या शब्दांची सवय इतकी झाली आहे की ती रूपके आहेत ह्याचाही विसर पडावा. रूपक मुरले म्हणजे ते निरुपद्रवी झाले, असा समज आपल्या समीक्षेत आहे आणि अलंकारशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी तो पोसला आहे. वस्तुतः ताज्या रूपकाची वाचक झडती घेतो. मुरलेल्याची कोणीच घेत नाही, आणि म्हणून ते आपले काम बिनबोभाट करीत राहते. ते काम कोणते, हे पाहण्यास खानदेशासारखा दुसरा प्रांत नाही. गेल्या काही वर्षांत ह्या प्रांतातील दोन घटनांनी समूहाविषयीच्या आपल्या भाषेची कसोटी पाहिली : धुळे जिल्ह्यातील राईनपाडा (२०१८) आणि जळगाव जिल्ह्यातील परधाडे (२०२५). शिवाय, वाहते पाणी आणि माणसांचा समूह यांचा संबंध रूपकात नव्हे, तर रोजच्या व्यवहारात शतकानुशतके जुळविणारी फड पद्धती हीदेखील ह्याच प्रांताची आहे.

प्रथम शब्दांचाच विचार करू. मराठी माणूस माणसे मोजतो आणि पाणी मापतो. हा भेद केवळ क्रियापदांचा नाही. मोजण्यासाठी एकेक वस्तू सुटी असावी लागते. मापण्यासाठी तसे असावे लागत नाही. ‘लोक’ हा शब्द अनेकवचनी चालतो : लोक आले, लोक बोलले, लोक परत गेले. ‘गर्दी’ मात्र एकवचनी आहे. शंभर माणसे ‘आली’, पण त्यांची गर्दी झाली की ती एकटीच ‘वाढते’ आणि ‘पांगते’. येथपर्यंत कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. समुदायवाचक नाम प्रत्येक भाषेत असते. (‘गर्दी’चा पूर्वेतिहास मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. बखरींच्या भाषेत हा शब्द दंगल, धुमाकूळ, नाश अशा अर्थांनी येतो, आणि ‘गर्दीस मिळणे’ म्हणजे धुळीस मिळणे. आजच्या बाजारातील निरुपद्रवी गर्दीच्या पोटात ती जुनी गर्दी अद्याप आहे.) खरा पालट होतो तो ‘गर्दी’वरून ‘लोंढ्या’वर जाताना. ‘कोण आले?’ ह्या प्रश्नाचे उत्तर ‘लोक आले’ असे देता येते. ओढूनताणून ‘जमाव आला’ असेही देता येईल. पण ‘लोंढा आला’ हे उत्तर ‘काय आले?’ ह्या प्रश्नाचे आहे. सर्वनाम बदलले की सजीवता बदलली.

आणखी एक चाचणी घेता येते. ‘मुद्दाम’ हे क्रियाविशेषण इच्छा असलेल्या कर्त्यापाशीच नांदते. ‘जमावाने मुद्दाम दार तोडले’ हे वाक्य मराठी कानास खटकत नाही. ‘लोंढ्याने मुद्दाम दार तोडले’ हे खटकते. म्हणजे ‘लोंढा’ ह्या शब्दाबरोबर हेतू वाक्याबाहेर जातो, आणि तो बाहेर गेला हे लेखकाच्या ध्यानातही येत नाही. ह्यास मराठीची विभक्तिव्यवस्था हातभार लावते. ‘-ने’ हा तृतीयेचा प्रत्यय कर्त्याचाही आहे आणि करणाचाही. ‘गड्याने झाड तोडले’ येथे गडी कर्ता आहे. ‘कुऱ्हाडीने झाड तोडले’ येथे कुऱ्हाड साधन आहे. ‘पुराने झाड पाडले’ येथे पूर नुसते कारण आहे. प्रत्यय एकच. ‘जमावाने माणूस मारला’ हे वाक्य ह्या तिहींपैकी कोणत्या रांगेत बसवावयाचे, हे व्याकरण सांगत नाही. ते आसपासची शब्दयोजना ठरविते. आसपास ‘उसळला’, ‘लोटला’, ‘अनावर झाला’ अशी क्रियापदे असली म्हणजे जमाव गड्याच्या रांगेतून उठून पुराच्या रांगेत जाऊन बसतो.

राईनपाडा हे साक्री तालुक्यातील आदिवासी वस्तीचे गाव. रविवार, १ जुलै २०१८ रोजी तेथे आठवडे बाजार होता. सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा भागातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच पुरुष त्या दिवशी गावात आले. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा त्या समाजाचा परंपरागत व्यवसाय. मुले पळविणारी टोळी फिरत आहे अशी अफवा भ्रमणध्वनीवरील संदेशांतून त्या भागात आधीच पसरली होती. पाचही जणांस संशयावरून धरण्यात आले, मारण्यात आले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडण्यात आले आणि तेथे त्यांचा जीव जाईपर्यंत मारण्यात आले. काहींनी त्याचे चित्रण केले.

ह्या घटनेच्या वर्णनात संतापाचा उद्रेक, भावनांचा कडेलोट, जमावाचा लोंढा असे शब्द विपुल आले. आता घटनेतील क्रियापदे पाहावी : संशय घेणे, हटकणे, धरणे, नेणे, कोंडणे, मारणे, चित्रण करणे. ह्यांपैकी एकही क्रिया पाण्याला करता येत नाही. पाणी कोणास कोंडत नाही. तेच कोंडले जाते. खोलीपर्यंत नेण्याच्या आणि खोलीत मारण्याच्या मध्ये काळ गेला आहे, आणि त्या काळात प्रत्येकास थांबण्याची, निघून जाण्याची, आडवे येण्याची मोकळीक होती. न्यायालयाचे काम ह्या मोकळिकीवरच उभे असते. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने ह्या प्रकरणी सात जणांस जन्मठेप दिली. म्हणजे वृत्तांताने जे मापले होते ते न्यायालयाने मोजले. लोंढ्यास जन्मठेप देता येत नाही.

समूहास निसर्गशक्ती मानण्याची ही दृष्टी केवळ मराठीची आहे असे नव्हे. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल बाँ यांनी १८९५ मध्ये समूहाच्या मानसशास्त्रावर जे पुस्तक लिहिले त्यात, समूहात शिरताच व्यक्तीची विवेकशक्ती लोपते आणि ती वाऱ्यावरच्या वाळूच्या कणासारखी होते, असे प्रतिपादन केले. पुढे एलियास कॅनेटी यांनी १९६० च्या आपल्या ग्रंथात समूहाची प्रतीके गोळा केली. त्यांत समुद्र, नदी, पाऊस, आग, वारा, वाळू, धान्य आहेत. कॅनेटींचा ग्रंथ ल बाँच्या ग्रंथाहून कितीतरी सूक्ष्म आहे, कारण तो प्रतीकास प्रतीक म्हणूनच तपासतो. ल बाँ मात्र आपल्या उपमेवर विश्वास ठेवतात. मराठीत समूहाविषयी जे लिहिले जाते त्यात कॅनेटी क्वचित आणि ल बाँ, नाव न घेता, सर्वत्र आढळतात.

इतिहासलेखनाने ह्या दृष्टीस चांगला धक्का दिला. जॉर्ज रूडे यांनी १९६४ मध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील फ्रान्स-इंग्लंडमधील जमावांचा अभ्यास प्रसिद्ध केला; त्यात अटक झालेल्यांच्या व मारल्या गेलेल्यांच्या नोंदींवरून जमावातील माणसांचे धंदे व वस्त्या शोधल्या. जमावास चेहरे मिळाले. आपल्याकडे ह्याचे उत्तम उदाहरण १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांचे आहे. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे आरंभ होऊन ते पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. रयत सावकाराच्या दारी जाई ती कर्जखते मागण्यास. खते मिळाली की ती जाळी, आणि तेवढ्यावर बहुधा परत फिरे. कागद निवडून जाळणारा पूर कोणी पाहिला आहे? खुद्द खानदेशात त्यापूर्वी १८५२ मध्ये, नव्या जमीनमोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर, एरंडोल ह्या भागांत हजारो शेतकरी जमले होते. तो रोष मोजणी आणणाऱ्या सरकारी व्यवस्थेवर होता, वाटेत येईल त्यावर नव्हता. त्याच फैजपुरास १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. पंडित नेहरू अध्यक्ष होते, आणि बांबूच्या त्या नगरीची सजावट नंदलाल बोस यांनी केली होती. त्या अधिवेशनाच्या आठवणींत ‘जनसागर’ हटकून येतो; पण शेतात वसलेल्या त्या नगरीत एवढ्या लोकांच्या पाण्याची, निवाऱ्याची आणि अन्नाची तजवीज स्वयंसेवकांनी कशी केली असेल, हा त्याहून अधिक रंजक प्रश्न ‘सागर’ ह्या शब्दामागे दडून जातो.

येथवरचे विवेचन वाचून जलरूपक सर्वस्वी खोटे आहे असे कोणास वाटेल. तसे नाही. भौतिकशास्त्राने ह्या रूपकाचा अक्षरशः विचार केला आहे, आणि त्याचे निष्कर्ष साहित्याच्या अभ्यासकाने जाणून घेण्याजोगे आहेत. हेंडरसन यांनी १९७१ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात गर्दीस द्रव मानून तिचे सांख्यिकी विवेचन केले. वायूच्या रेणूंच्या वेगांचे वाटप ज्या नियमाने होते तो नियम त्यांनी चालणाऱ्या माणसांच्या वेगांस लावून पाहिला. १९९५ मध्ये हेल्बिंग व मोल्नार यांनी पादचाऱ्यांमधील परस्पर ओढ व परस्पर दुरावा यांस बलाचे रूप दिले. ह्यूज यांनी गर्दीच्या प्रवाहाची समीकरणे मांडली ती द्रवगतिशास्त्राच्या धर्तीवर. मात्र हा द्रव विचार करणारा आहे, ही पुस्ती त्यांनी जोडली.

ह्या अभ्यासांतून दोन गोष्टी निघतात, आणि त्या परस्परांविरुद्ध दिशांना जातात. पहिली अशी की विरळ गर्दी पाण्यासारखी वागत नाही. पाट एके ठिकाणी अरुंद झाला आणि खोली तीच राहिली, तर तेथे पाणी वेग घेते. रुंदी निम्मी तर वेग दुप्पट. माणसे अरुंद दारापाशी मंदावतात. दारामागे घाई जितकी अधिक तितकी सुटका सावकाश, असे हेल्बिंग, फार्कस व विचेक यांनी २००० मध्ये दाखविले. दारापाशी अंगे एकमेकांत अडकून कमान धरतात आणि वाट तुंबते. ही वागणूक पाण्याची नाही, दाण्याची आहे. पेरणीच्या वेळी चाड्यात दाणे एकदम ओतले तर नळी तुंबते. म्हणून पेरणारा मुठीतून ते बेताने सोडतो. शेतकऱ्यास हे सांगावे लागत नाही. ‘चाड्यावर मूठ धरणे’ हा प्रयोग मराठीत पेरणीच्या वर्णनात आहे. गर्दीच्या वर्णनात तो कोणी केल्याचे दिसत नाही, हे आपल्या गद्याचे नुकसान आहे.

दुसरी गोष्ट अशी की गर्दी अतिशय दाटली म्हणजे ती खरोखरीच द्रव होते. चौरस मीटरमागे चार माणसांपर्यंत प्रत्येकास आपला पाय कोठे टाकावा हे काही अंशी ठरविता येते. हा आकडा सहा-सातापर्यंत चढला की अंगास अंग लागते, पाय आपण टाकू तेथे पडत नाही, आणि मागचा रेटा लाटेसारखा समूहभर फिरतो. मक्केजवळील मिना येथे जानेवारी २००६ मध्ये झालेल्या दुर्घटनेच्या चित्रफितींचा अभ्यास करणाऱ्यांनी ह्या अवस्थेस द्रवाच्या खळबळीचेच नाव दिले. २०२५ मध्ये स्पेनमधील पांप्लोना येथील उत्सवाच्या गर्दीवरील अभ्यासाने दाखविले की अशा दाटीत शेकडो माणसांचा पुंज, कोणीही न ढकलता, आपोआप वर्तुळाकार हेलकावे घेऊ लागतो. ‘दाटी’ हा मराठी शब्द ह्या सर्वांस अचूक आहे, आणि तो ‘दाट’वरून आला असल्याने द्रवासही तितकाच लागू पडतो. ‘लोंढा’ वेग सांगतो. ‘दाटी’ धोका सांगते.

आता आपल्या भाषेचा व्यवहार पाहावा. जेथे समूह खरोखर द्रव झालेला असतो, तेथे त्यातील कोणाही एकाकडे दोष जात नाही. दोष जातो तो जिन्याच्या रुंदीकडे, अडविलेल्या दाराकडे, बांधणाऱ्याकडे आणि देखरेख करणाऱ्याकडे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर तेवीस माणसे गेली. मांढरदेवीच्या यात्रेत जानेवारी २००५ मध्ये अडीचशेहून अधिक. अशा वेळी मराठी गद्य एकाएकी नीतिवादी होते : लोकांची बेशिस्त, लोकांची घाई, लोकांची अंधश्रद्धा. येथे ‘लोक’ हा मोजता येणारा शब्द परत येतो. उलट जेथे माणसांनी पायरीपायरीने, चालत्याबोलत्या शुद्धीवर कोणास मारले, तेथे तेच गद्य पुराकडे वळते. ज्यांना काही करता येत नव्हते त्यांस कर्ते ठरवावयाचे आणि जे करीत होते त्यांस पाणी ठरवावयाचे, असा हा उलटा वापर आहे. तो कोणी ठरवून करतो असे नाही. रूपक मुरले आहे, एवढेच त्याचे कारण.

परधाड्याची घटना ह्या दोहोंच्या मध्ये येते, आणि म्हणून ती अधिक शिकविते. २२ जानेवारी २०२५ रोजी लखनौहून मुंबईकडे जाणाऱ्या पुष्पक एक्स्प्रेसमध्ये, पाचोरा तालुक्यात परधाडे स्थानकाजवळ, आग लागल्याची आवई उठली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली, प्रवासी शेजारच्या रुळांवर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडून किमान बारा जण गेले. आग नव्हती. येथे ‘लोंढा’ म्हणावे तर चूक आणि ‘लाट’ म्हणावे तर बरोबर. आणि हा भेद आपल्या गद्यात पुसला गेला आहे. लोंढ्यात पाणी स्वतः जागा सोडून पुढे जाते. लाटेत पाणी जवळजवळ तेथेच वरखाली होते. पुढे जाते ती खळबळ. डब्यातून डब्यात जे गेले ते माणसे नव्हेत, तर एक शब्द : आग. माणसे त्या लाटेचे माध्यम झाली. ज्याने तो शब्द ऐकला त्याने तो पुढच्यास दिला, आणि देताना त्याच्या खरेपणाची चौकशी करण्यास उसंत नव्हती. उतरणाऱ्यांस येथे दोष देणे क्रूरपणाचे होईल. पण राईनपाड्यासही शब्दाचीच लाट आली होती, आणि ती दिवसेंदिवस चालली होती. तेथे उसंत होती. दोन्ही ठिकाणी ‘अफवेचा बळी’ असे एकच शीर्षक छापावे, ही भाषेची काटकसर नव्हे, आळस आहे.

लाटेचा हा अर्थ खानदेशच्या एका कवयित्रीस ठाऊक होता. आसोद्यात जन्मलेल्या आणि जळगावात संसार केलेल्या बहिणाबाई चौधरी यांची गाणी १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाली. मनावरच्या आपल्या सुप्रसिद्ध गाण्यात पाण्यावर वाऱ्याने उठणाऱ्या लाटांची उपमा त्या देतात, ती एकट्या मनास. कितीही हाकलले तरी पिकात शिरणाऱ्या गुराची उपमाही त्याच मनास आहे. ज्या प्रतीकांनी शहरी गद्य समूहाचे वर्णन करते, त्याच प्रतीकांनी ही शेतकरी स्त्री एका माणसाच्या आत डोकावते. चंचलपणा, ओढाळपणा, अनावरपणा हे गुण जमावात शिरल्यावर येतात असे तिला वाटत नाही. ते प्रत्येकाच्या घरचेच आहेत, आणि म्हणूनच त्यांस राखणे ज्याचे त्याचे काम आहे. ल बाँच्या पुस्तकास इतके नेमके उत्तर दुसरीकडे सहसा मिळत नाही.

भाषेजवळ दुसरी साधने नाहीत म्हणून आपण पाण्याकडे जातो, असेही म्हणता येणार नाही. मराठीत अभ्यस्त क्रियानामांचा एक मोठा वर्ग आहे : चेंगराचेंगरी, ढकलाढकली, रेटारेटी, मारामारी, धक्काबुक्की, पळापळ. ह्यांतील पहिल्या चार शब्दांची घडणच परस्परतेची आहे. चेंगराचेंगरीत जो चेंगरतो तोच चेंगरला जातो. कर्ता आणि कर्म एकाच शब्दात एकत्र राहतात आणि दोघेही माणसेच राहतात. ह्या अर्थी इंग्रजीत रूढ असलेला ‘स्टँपीड’ हा शब्द मुळात बिथरलेल्या गुरांच्या धावण्याचा आहे. मराठीने ती उसनवारी केली नाही, हे तिचे भाग्य. राईनपाड्यास ‘मारामारी’ म्हणता येत नाही. तेथे परस्परता नव्हती, आणि एका बाजूचे फक्त मार खाणारे होते. देशी शब्दांची ही शिस्त वापरणाऱ्यास सत्याच्या जवळ ठेवते.

परंतु सर्वांत मोठा तोटा झाला आहे तो वेगळाच. समूहासाठी पाण्याचे शब्द उचलताना मराठीने पाण्याच्या शब्दसंग्रहाचा फक्त अर्धा भाग उचलला : पूर, लाट, लोंढा, उधाण. दुसरा अर्धा, म्हणजे बांध, पाट, चारी, पाळी, तसाच राहिला. (‘पाळी’ एवढी मात्र दोन्हीकडे आहे, पाण्याचीही आणि रांगेतल्या माणसाचीही.) खानदेशच्या नद्या पावसाळ्यात चार दिवस भयंकर आणि एरवी रोडावलेल्या. १८७२ चा पांझरा-गिरणेचा महापूर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये नोंदलेला आहे. तरीही ह्या प्रांताचे पाण्याशी खरे नाते पुराचे नाही, पाटाचे आहे.

पांझरा, कान, बुराई आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील मोसम, आरम ह्या नद्यांवर ओळीने लहान बंधारे घालून त्यांचे पाणी पाटाने शेतांत घेण्याची पद्धती तीन-चार शतके तरी जुनी मानली जाते. बंधाऱ्याखालील जमिनीचे बहुधा तीन वा चार मोठे तुकडे पाडीत. प्रत्येक तुकडा म्हणजे एक फड. एका फडात एका हंगामास एकच पीक : एकात ऊस, दुसऱ्यात गहू वा हरभऱ्यासारखे हंगामी पीक, आणि दर साली पिकांची फिरवाफिरव. शेतकऱ्याची जमीन बहुधा एकाहून अधिक फडांत असे. ह्या साध्या रचनेत मोठे शहाणपण आहे. पाणी कमी असलेल्या वर्षी एखादा फड पडीक ठेवण्याचा निर्णय होई, तेव्हा तोटा कोणा एकावर न पडता बहुतेकांवर थोडाथोडा पडे. पाणी पाजण्याचे काम शेतकरी स्वतः करीत नसे, ते पाटकऱ्याचे. पिकाची राखण जागल्याची. दोघांसही मोबदला पिकातून मिळे. आपल्याच शेतात आपण पाणी सोडावयाचे नाही, हा नियम वाटतो तितका किरकोळ नाही; पाण्याची चोरी करण्यास लागणारा हातच त्याने मालकापासून वेगळा केला. गावच्या पंचांनी पाटाची दुरुस्ती, साफसफाई व तंटे पाहावयाचे.

ह्या व्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्या लेखनाची एक लाट (शब्द येथे योग्य आहे) मध्यंतरी येऊन गेली, आणि तिच्यात तपासणी कमी होती. फड समताधिष्ठित होता असे म्हणणे धाडसाचे आहे. तो जमीनधारकांचा समूह होता. ज्यास जमीन नाही त्यास पाण्याच्या निर्णयात जागा नव्हती, आणि जागल्या राखण करी ती दुसऱ्याच्या पिकाची. विहिरी, विजेचे पंप आणि वरच्या बाजूची धरणे आल्यावर ज्याची त्याची सोय ज्याची त्याने पाहिली आणि बहुतेक फड मोडकळीस आले. तरीही भाषेच्या अभ्यासकास त्यातून जे मिळते ते ह्या उणिवांनी नष्ट होत नाही. येथे समूहाचे वर्णन पाण्याने केलेले नाही. पाण्याचे वर्तन समूहाने ठरविलेले आहे.

‘फड’ हा शब्दच ह्याची साक्ष देतो. मोल्सवर्थच्या कोशात त्याचा पहिला अर्थ सार्वजनिक कामकाजाची किंवा लोकांच्या एकत्र येण्याची जागा असा आहे. पेशव्यांच्या कचेरीस हुजूर फड म्हणत. तमाशाचा फड, कुस्त्यांचा फड, उसाचा फड आणि पंढरीच्या वाटेवरील वारकऱ्यांचे फड हे सर्व आजही चालू वापरात आहेत. (‘फडणीस’ हा शब्द ह्या कुळात ओढण्याचा मोह टाळलेला बरा, तो फारसी ‘फर्दनवीस’वरून आला आहे.) पाण्याखालचा जमिनीचा तुकडा आणि माणसांचा बांधलेला समूह यांस एकच नाव असावे, ह्या दोन अर्थांत अगोदरचा कोणता ह्याचा निकाल व्युत्पत्तिशास्त्राने अद्याप निर्विवादपणे दिलेला नाही. पण समूहाच्या ह्या सर्व फडांत एक लक्षण समान आहे : प्रत्येकास जागा ठरलेली आहे आणि पाळी ठरलेली आहे. मुक्ताईनगराहून पंढरीस जाणारी मुक्ताबाईची पालखी महिनाभर चालते. तिच्या वार्ताहरास ‘भक्तीचा महापूर’ दिसतो. चालणाऱ्यांस मात्र आपली दिंडी कोणती आणि दिंडीत आपण कोठे हे ठाऊक असते. त्या वृत्तांतास ‘पूर’ नको, ‘पाट’ हवा.

कोशकारांपुढील काम येथून सुरू होते. पूर आणि लाट यांच्या उपयोगांची नोंद मराठी कोशांत भरपूर आहे. पाटकऱ्याच्या बोलीची नाही. बंधाऱ्याच्या भागांची, पाण्याच्या मापांची, पाळी चुकल्याच्या दंडांची, पाट उपसण्याच्या श्रमवाटपाची जी अहिराणी परिभाषा पांझरेच्या काठी बोलली जाई, ती बोलणारी वयस्क माणसे साक्री व धुळे तालुक्यांत अद्याप भेटतात. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने मराठीच्या धातूंचा कोश छापून एक पायंडा पाडून ठेवला आहे. त्याच गावापासून काही कोसांवर हे शब्द आहेत, आणि ते गोळा करण्यास गावोगाव जाऊन बसण्यापलीकडे दुसरे साधन लागत नाही.